कवडशाची मोजणी

आउरा नदीच्या काठी, जिथं पूर्वी दोरखाना होता,
तिथं मला पाच मजली ऑफिस उभं करायचं होतं.
डावीकडे घरं, उजवीकडे घरं, पाठीशी घरं,
आणि पुढ्यात नदी,
जी कुणाच्याच नकाशाला दाद देत नाही.

तुर्कूमध्ये एकवीस डिसेंबरला
सूर्य भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून सहाच अंश वर येतो,
उंबऱ्यावरूनच आत डोकावून
"बसत नाही, घाईत आहे" म्हणणाऱ्या पाहुण्यासारखा.
माझ्या वीस मीटर इमारतीची सावली
त्या दिवशी एकशे नव्वद मीटर पडते.
संगणक ती करड्या रंगात दाखवतो.
करडा रंग फार सभ्य असतो.
त्यात अंगण बुडालं, सायकलींची शेड बुडाली,
पोरांचा वाळूचा हौद,
आणि ब जिन्याच्या तळमजल्यावरची एक खिडकी.

खिडकीला नाव असतं हे मला हरकतींच्या सभेत कळलं.
सिर्का लेहतोवारा. शेवटून दुसरी रांग.
लोकरी टोपी शेवटपर्यंत काढली नाही तिनं.
बाकीचे पार्किंगबद्दल बोलले,
रात्रभर जळत राहणाऱ्या दिव्यांबद्दल,
पाच वाजले की स्मशान होणाऱ्या काचेच्या रस्त्यांबद्दल.
सगळं खरं होतं. मी सगळं लिहून घेतलं.
तळमजला देऊन टाकला: लाँड्री, सायकल दुरुस्ती,
सूप विकणाऱ्या तुओमोला नदीकडचा कोपरा.
दिवे सहाला आपले आपण विझतील.

सिर्का म्हणाली,
"एकोणीस वर्षं मी इथं दोर वळला.
आमच्या खिडक्या डोक्याच्या वर होत्या,
नजर बाहेर जाऊ नये म्हणून."
मग बसची वेळ विचारावी तसं,
"माझं ऊन किती वाजता जाईल?"

मला सांगता आलं नाही.
म्हणजे, आकडा होता माझ्याकडे.

त्या रात्री इमारत मधोमध चिरली.
जमिनीपासून आभाळापर्यंत सहा मीटरची फट.
दोन ऑफिसं, मधे वारा.
हुओपालासाहेबांनी रेखाटन उलटंसुलटं करून पाहिलं.
"टेबलं किती गेली?"
"बावन्न."
"आणि मिळालं काय?"
"बारा वीस ते बारा अडतीस."
ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.
मग आम्ही घासाघीस केली,
भाजीवाल्याकडे जुडी मोजून घ्यावी तशी.
सहाचे साडेतीन मीटर झाले.
अठराची अकरा मिनिटं.
कोथिंबीर फुकट मागावी तसे मी
फटीत पांढरे दगड मागितले, तेवढे दिले.

तिसऱ्या वर्षी, एकवीस डिसेंबरला, मी अंगणात जाऊन उभी राहिले.
हातात घड्याळ, खिशात जुनी आकृती.
आभाळ गच्च भरलेलं.
तुर्कूचा डिसेंबर असाच असतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही;
संगणकात ढग नसतात इतकंच.
फटीतून नदी दिसत होती, काठाकाठानं गोठायला लागलेली.
ऑफिसातला एक पोरगा कोट न घालता दगडांवर उभा राहून
तुओमोचं सूप फुंकून फुंकून पीत होता.
मी आकृतीत माणसं काढते तेव्हा ती
कायम कुठंतरी निघालेली असतात.
हा कुठंच निघालेला नव्हता.

बारा चोवीस.
खिडकीत सिर्का बसली होती,
टोपीसकट, डोळे मिटून, ढगांकडे तोंड करून.
तिची खुर्ची
मी काढलेल्या कवडशाच्या रेषेपासून
हातभर डावीकडे होती.

आकृती पुन्हा उलगडून पाहिली.
मोजणी माझीच चुकली असणार.